अशनीतल्या आघातखुणा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२२ मे २०१२ च्या दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात आकाशातून दगड पडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सुमारे तीस तुकडे गोळा केले, त्यातला सर्वांत मोठा साधारण एक किलोचा होता. पुढे त्या दगडातल्या एका काळ्या, बारीक शिरेत ब्रिजमनाइट नावाचं असं खनिज सापडलं, जे पृथ्वीत ६६० किलोमीटर खोलीच्या खाली असतं आणि तिथून जसंच्या तसं वर कधीच येत नाही. मी अशा दगडांचे, म्हणजे अशनींचे, काप करून ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याचं काम करते. विद्यार्थी, शिक्षक, हौशी आकाशनिरीक्षक आणि कधी कधी शेतात सापडलेला दगड पिशवीत घालून आलेली माणसं मला जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

आघात म्हणजे दगड जमिनीवर आपटतो तेव्हाचा का?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त आढळतो. काही किलोंचा दगड वातावरणातून येताना आपला मूळ वेग हवेतच गमावून बसतो आणि शेवटचा टप्पा उंचावरून टाकलेल्या साध्या दगडासारखा पडतो. त्या आपटण्याने तो फुटेल, जमिनीत थोडा रुतेल, पण त्याच्या खनिजांची अंतर्गत रचना बदलणार नाही.

आपण ज्या आघाताबद्दल बोलतो, तो अवकाशात, कोट्यवधी वर्षांपूर्वी झालेला असतो. दोन लघुग्रह सेकंदाला काही किलोमीटर वेगाने एकमेकांवर आदळतात आणि त्या क्षणी दगडातून दाबाची एक लाट जाते. ध्वनी दगडातून जितक्या वेगाने जातो, त्याहून ही लाट जलद असते. दाब एकदम चढतो, फार तर सेकंदभर टिकतो, बऱ्याचदा त्याहूनही कमी, आणि उतरतो. आपण शोधतो त्या सगळ्या खुणा एवढ्या वेळात उमटलेल्या असतात.

दगडाच्या बाहेरची काळी साल हाही आघाताचा पुरावा नाही. वातावरणातून येताना पृष्ठभाग वितळून ती तयार होते. ती साधारण एक मिलिमीटरपेक्षा पातळ असते आणि तिच्या आत दगड थंडच राहतो. आघाताच्या शिरा दगडाच्या पोटातून जातात. तुटलेल्या तुकड्यावर साल आणि शीर दोन्ही काळ्याच दिसतात म्हणून गोंधळ होतो.

एवढा दाब म्हणजे किती?

आपण गिगापास्कलमध्ये बोलतो. एक गिगापास्कल म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण दहा हजार पट. काटोलच्या शिरेसाठी जो आकडा निघाला तो २३ ते २५ गिगापास्कलचा आहे, म्हणजे अडीच लाख वातावरणांच्या जवळपास.

सगळ्या दगडावर सारखाच परिणाम का होत नाही?

कारण दगड एकजिनसी नसतो. कॉन्ड्राइट या दगडी प्रकारच्या अशनीत ऑलिव्हीन, पायरॉक्सिन, प्लॅजिओक्लेज ही सिलिकेट (सिलिकॉन-ऑक्सिजनची) खनिजं, निकेलयुक्त लोह आणि ट्रॉइलाइट हे लोहाचं सल्फाइड असे वेगवेगळ्या घट्टपणाचे कण शेजारी शेजारी बसलेले असतात, मध्ये बारीक पोकळ्या असतात. दाबाची लाट पोकळीपाशी आली की पोकळी मिटते आणि तिथे उष्णता साठते. धातू आणि सिलिकेट यांच्या सीमेवरही तेच. शिवाय काही पट्ट्यांमध्ये दगड दगडावर घासतो. अशा जागी तापमान दोन हजार अंशांच्या घरात जातं आणि दगड तिथल्या तिथे वितळतो, पण दोन मिलिमीटरवरचा भाग तसाच घट्ट राहतो.

ही विषमताच आपल्या उपयोगाची आहे. वितळलेली शीर बारीक असेल तर दोन्ही बाजूंचा थंड दगड तिची उष्णता झटकन ओढून घेतो आणि दाब उतरायच्या आत ती गोठते. उच्च दाबाची खनिजं अशाच शिरांत टिकतात. शीर जाड असेल, किंवा सगळाच दगड फार तापलेला असेल, तर दाब उतरल्यावरही ती धगधगत राहते आणि आत तयार झालेली उच्च दाबाची खनिजं परत साध्या रूपात जातात. म्हणून ‘जितका मोठा आघात तितकी जास्त नवलाची खनिजं’ हा हिशेब इथे चालत नाही. फार जोराचा फटका आपलाच पुरावा पुसून टाकतो.

आघाताची प्रतवारी कशी करतात?

कॉन्ड्राइटसाठी श्टॉफ्लर, काइल आणि स्कॉट यांनी १९९१ मध्ये एस१ ते एस६ अशी श्रेणी मांडली. ती आजही रोजच्या वापरात आहे. २०१८ मध्ये तिची सुधारित आणि विस्तारित मांडणी झाली. मूळ पद्धत साध्या ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शकाची आहे. कापातला ऑलिव्हीनचा कण फिरवत बघायचा. कण एकदम आणि सगळीकडे सारखा काळोखात गेला तर एस१. काळोख लाटेसारखा सरकत गेला तर एस२. समांतर सपाट भेगा दिसू लागल्या की एस३. कण ठिपक्याठिपक्यांनी विझू लागला, म्हणजे त्याचा स्फटिक बारीक तुकड्यांत वळला आहे, तर एस४. हे ठिपके ठळक झाले आणि प्लॅजिओक्लेजची काच झाली तर एस५. आणि वितळलेल्या भागाशेजारी ऑलिव्हीनचं रिंगवूडाइट, म्हणजे त्याचंच उच्च दाबाचं रूप, झालेलं दिसलं तर एस६.

यासोबत दाबाचे आकडेही दिले गेले: एस३ साठी १५ ते २०, एस५ साठी ४५ ते ५५, एस६ साठी ७५ ते ९० गिगापास्कल. या आकड्यांवरच्या वादाकडे मी खाली पुन्हा येणार आहे.

मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक कशाला हवा?

कारण प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली शीर काळी दिसते. नुसती काळी. ज्या जागी सगळ्यात जास्त लिहिलेलं आहे तीच जागा अपारदर्शक. तिच्यातले स्फटिक एका मायक्रॉनहून लहान असतात, त्यांच्यामध्ये धातूचे आणि सल्फाइडचे अतिसूक्ष्म थेंब विखुरलेले असतात आणि ३० मायक्रॉन जाडीच्या कापातून प्रकाश पार होत नाही. दृश्य प्रकाशाने साधारण पाव मायक्रॉनपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसतच नाहीत. इलेक्ट्रॉनची तरंगलांबी याहून कितीतरी लहान असल्यामुळे तो अडसर हटतो.

पण म्हणून प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक सोडून द्यायचा नाही. मी नव्या मुलांना पहिले दोन दिवस एसईएमला (पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनांचा झोत फिरवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाला) हातच लावू देत नाही. आधी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली संपूर्ण कापाचा नकाशा काढायचा, शिरा कुठून कुठे जातात ते बघायचं, कुठे रंग दिसतो का ते शोधायचं. रिंगवूडाइट कधी कधी निळं-जांभळं दिसतं. काळ्या शिरेच्या कडेला असा निळा ठिपका सापडला की पुढच्या आठवड्याचं काम ठरतं. हा ठिपका एसईएममध्ये शोधायला बसलात तर दिवस जाईल, कारण तिथे रंग नसतो.

कापाची तयारी कशी करतात?

या भागावर मला सविस्तर बोलायचं आहे, कारण निम्मं अपयश इथे येतं.

अशनीचा छोटा तुकडा रेझिनमध्ये बसवून, काचपट्टीवर चिकटवून, घासत घासत ३० मायक्रॉनपर्यंत आणतात. पाण्याऐवजी अल्कोहोल किंवा तेलाचा वापर बरा, कारण अशनीतलं लोह पाण्याने गंजतं. मग हिऱ्याच्या पेस्टने पॉलिश: आधी ६ मायक्रॉन, मग ३, मग १, मग पाव. इथे घाई नडते. मऊ लोह आणि कडक ऑलिव्हीन शेजारी असतात. कापड मऊ असेल किंवा दाब जास्त असेल तर लोह खाली बसतं, ऑलिव्हीन उंच राहतं आणि दोघांच्या सीमेवर एक छोटा उतार तयार होतो. नेमकी ती सीमा आपल्याला बघायची असते.

ईबीएसडी (विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांवरून स्फटिकाची दिशा ओळखण्याचं तंत्र) करायचं असेल तर हिऱ्याची पेस्टही पुरत नाही. तिने पृष्ठभागाचा अगदी वरचा थर दुखावलेला असतो आणि त्या तंत्रातला संकेत फक्त वरच्या काही दहा नॅनोमीटरमधून येतो. म्हणून शेवटी कोलॉइडल सिलिकाचं पॉलिश करावं लागतं. शेवटी कार्बनचा सुमारे २० नॅनोमीटरचा लेप, नाहीतर सिलिकेटवर विद्युतभार साठतो आणि चित्र थरथरू लागतं.

सुरुवातीच्या काळात मी एका कॉन्ड्राइटच्या कापावर ‘आघाताच्या भेगा’ मोजत बसले होते. दोन दिवसांनी लक्षात आलं की त्यातल्या बऱ्याच भेगा एकाच दिशेने, थेट करवतीच्या पात्याला समांतर जात होत्या. त्या कापतानाच्या होत्या. तेव्हापासून मी कापण्याची दिशा नोंदवहीत बाण काढून लिहिते आणि प्रत्येक भेग आतून काही भरलेली आहे का ते बघते. शिरेच्या वितळलेल्या द्रवाने, सल्फाइडने भरलेली भेग जुनी; रेझिनने भरलेली किंवा रिकामी भेग संशयास्पद.

एसईएममध्ये नेमकं काय दिसतं?

परावर्तित इलेक्ट्रॉनांच्या चित्रात ज्या पदार्थाचा सरासरी अणुक्रमांक मोठा तो उजळ. त्यामुळे लोह पांढरंशुभ्र, ट्रॉइलाइट त्याहून किंचित मंद, ऑलिव्हीन मधला राखाडी, पायरॉक्सिन थोडा गडद, प्लॅजिओक्लेज सगळ्यात गडद.

आता शिरेच्या कडेवर या. बाहेरचा दगड ओबडधोबड, कण मोठे, भेगाळलेले. मग एका रेषेवर सगळं बदलतं. आत बारीक, एकसारखा, पिठासारखा राखाडी भाग आणि त्यात धातूचे गोल पांढरे थेंब. थेंब गोल आहेत याचाच अर्थ धातू आणि सिलिकेट दोन्ही द्रव होते आणि तेल-पाण्यासारखे एकमेकांत मिसळले नाहीत. त्या पिठात मूळ दगडाचे काही तुकडे अडकलेले दिसतात, कडा गोलसर झालेले. हे तुकडे वितळले नाहीत, पण तापले आणि दाबले गेले. आतल्या ऑलिव्हीनचं रिंगवूडाइट किंवा वॅडस्लेआइट झालेलं असू शकतं, पायरॉक्सिनचं मेजराइट किंवा अकिमोटोआइट, प्लॅजिओक्लेजचं लिंगुनाइट; ही सगळी त्यांची उच्च दाबाची रूपं. म्हणजे एकाच शिरेत दोन प्रकारचे साक्षीदार: द्रवातून स्फटिक झालेले आणि घन अवस्थेतच रूप पालटलेले. दोघांनी सांगितलेला दाब जुळला की विश्वास बसतो.

शिरेच्या कडेपासून मध्यापर्यंत एका रेषेत चित्रं घेत जा. कड आधी गोठते, मध्य शेवटी. कडेला आणि मध्याला एकाच दाबाची खनिजं असतील तर संपूर्ण शीर गोठेपर्यंत दाब टिकून होता. मध्यात कमी दाबाची खनिजं असतील तर दाब आधी उतरला. शिरेची जाडी माहीत असली की ती थंड व्हायला किती वेळ लागला याचा हिशेब मांडता येतो आणि त्यावरून दाब किती काळ टिकला, टक्कर देणारा दगड साधारण केवढा असेल, इथपर्यंत जाता येतं. माझ्या कामातला सगळ्यात आवडता भाग हाच.

एसईएममध्ये कणातून निघणाऱ्या एक्स-किरणांनी रासायनिक सूत्र कळलं की खनिज कळलंच ना?

इथे फसायला होतं. ऑलिव्हीन, वॅडस्लेआइट आणि रिंगवूडाइट यांचं सूत्र एकच असू शकतं. फरक अणूंच्या मांडणीचा. मॅग्नेशियमच्या शुद्ध रूपाची घनता ऑलिव्हीनमध्ये घन सेंटिमीटरला ३.२२ ग्रॅम, तर रिंगवूडाइटमध्ये सुमारे ३.५६ असते. पायरॉक्सिन, अकिमोटोआइट आणि ब्रिजमनाइटचंही तेच: घटक तेच, घर वेगळं. एक्स-किरणांचा वर्णपट घटक सांगतो, घर सांगत नाही. त्यासाठी रामन वर्णपट, ईबीएसडी किंवा टीईएममधलं (इलेक्ट्रॉन नमुन्यातून आरपार जातात त्या सूक्ष्मदर्शकातलं) विवर्तन लागतं. चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या नावाचं हे तंत्र या कामात अगदी रोजचं आहे: संशयित कणावर लेझर टाकला की रिंगवूडाइटची रेषा ऑलिव्हीनपेक्षा वेगळ्या जागी येते आणि कणाला इजाही होत नाही, फक्त लेझरची शक्ती कमी ठेवायची.

मास्केलिनाइट म्हणजे काय, आणि त्याचं भारताशी नातं कोणतं?

२५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधल्या गयेजवळ शेरघाटी इथे एक अशनी पडली. १८७२ मध्ये व्हिएन्नाच्या गुस्ताव चेर्माक यांनी तिच्यात काचेसारखं, पण प्लॅजिओक्लेजच्या घटकांचं आणि त्याच्याच आकाराचं द्रव्य ओळखलं आणि ब्रिटिश म्युझियमच्या नेव्हिल स्टोरी-मास्केलिन यांच्या नावावरून त्याला मास्केलिनाइट म्हटलं. ही अशनी मंगळावरून आली हे कळायला शंभराहून अधिक वर्षं जावी लागली. आज मंगळाच्या अशनींच्या एका मोठ्या गटाला जगभर ‘शेरगोटाइट’ म्हणतात, ते शेरघाटीवरूनच.

एसईएममध्ये मास्केलिनाइट ओळखू येतं ते त्याच्या गुळगुळीतपणामुळे. शेजारचं पायरॉक्सिन भेगांनी चिरलेलं, आणि मध्येच एक शांत, सपाट, गडद पट्टा ज्यात एकही फट नाही. ही काच घन अवस्थेतच अणूंची शिस्त मोडून झाली, की वितळून दाबाखाली गोठली, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कणाची बाहेरची रेघ जुन्या स्फटिकासारखी सरळ आहे, की द्रव शेजारच्या भेगांत शिरला आहे, हे प्रत्येक नमुन्यात स्वतंत्रपणे तपासावं, असं माझं मत आहे. एकाच दगडात दोन्ही सापडू शकतं.

मोजताना एक काळजी. या काचेवर इलेक्ट्रॉनांचा बीम एका बिंदूवर रोखून धरला तर सोडियम तिथून सरकतं आणि आकडा कमी येतो. बीम ५ ते १० मायक्रॉनपर्यंत पसरवायचा आणि सोडियम सगळ्यात आधी मोजायचं.

ईबीएसडी कशासाठी?

काप सत्तर अंशांत कलवून बीम टाकला की विवर्तनाचे पट्टे पडद्यावर उमटतात. त्यावरून स्फटिक कुठल्या दिशेला वळला आहे हे बिंदूगणिक कळतं. एस४ च्या ऑलिव्हीनमधले ठिपके किती अंशांनी वळलेत हे आता डोळ्यांच्या अंदाजावर सोडावं लागत नाही. पायरॉक्सिनमधले आघाताने पडलेले जुळे पट्टेही स्वच्छ दिसतात. काच मात्र काहीच पट्टे देत नाही, आणि हे ‘काहीच नाही’ हेसुद्धा उत्तर असतं, फक्त पॉलिश चांगलं असल्याची खात्री हवी.

टीईएमपर्यंत कधी जायचं?

प्रश्न अगदी नेमका झाला की. टीईएमला नमुना शंभर नॅनोमीटर किंवा त्याहून पातळ लागतो, म्हणजे इलेक्ट्रॉन आरपार जातील इतका. तो एफआयबी, म्हणजे आयनांच्या एकाग्र झोताच्या, यंत्रात कापतात. आधी हव्या त्या कणावर प्लॅटिनमची पट्टी चढवतात, संरक्षणासाठी. मग गॅलियम आयनांच्या झोताने दोन्ही बाजूंनी खड्डे खणतात. मध्ये भिंतीसारखी एक चकती उरते, दहा-पंधरा मायक्रॉन लांब. ती टंगस्टनच्या सुईला चिकटवून उचलतात, जाळीवर बसवतात आणि दोन्ही बाजूंनी आणखी तासतात. सुई चकतीला टेकते तो क्षण कितीही वेळा पाहिला तरी खोलीत कुणी बोलत नाही. त्या चकतीसाठी निवडलेली जागा पुन्हा मिळणार नसते.

गॅलियमचा झोत स्वतःच पृष्ठभागावर काचेचा पातळ थर करतो. आपण आघाताने झालेली काच शोधत असताना आपल्याच यंत्राने केलेली काच पुरावा म्हणून मांडायची नसेल, तर शेवटची तासणी कमी व्होल्टेजवर करायलाच हवी.

टीईएममध्ये ऑलिव्हीनच्या आतल्या विस्थापन-रेषा, म्हणजे अणूंची मांडणी जिथे घसरली आहे अशा रेषा, दिसतात. आघात सोसलेल्या ऑलिव्हीनमध्ये त्या बऱ्याचदा लांब, सरळ आणि एकाच स्फटिकदिशेला धरून असतात. पृथ्वीच्या पोटात सावकाश, गरम अवस्थेत वाकलेल्या ऑलिव्हीनमध्ये त्या वेगळ्या मांडणीत येतात. सेकंदाच्या अंशात झालेलं आणि लाखो वर्षांत झालेलं, असं दोन्ही या रेषांवरून वेगळं करता येतं.

काटोलच्या दगडात नेमकं काय सापडलं?

काटोलची अशनी एल६ गटाची, म्हणजे लोह कमी असलेला आणि मूळ पिंडातच खूप तापलेला कॉन्ड्राइट. २०२१ मध्ये आयआयटी खरगपूरच्या सुजय घोष यांच्या नेतृत्वाखाली भारतीय, जपानी आणि युरोपीय अभ्यासकांनी तिच्या वितळलेल्या शिरांत ब्रिजमनाइट सापडल्याचं प्रसिद्ध केलं. सोबत मेजराइट होतं आणि धातू-सल्फाइडची गुंफण होती.

याचं महत्त्व समजायला थोडं मागे जावं लागेल. पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात, ६६० ते सुमारे २९०० किलोमीटर खोलीत, ब्रिजमनाइट हेच मुख्य खनिज आहे. पृथ्वीच्या एकूण आकारमानाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग त्याचा. तरी नैसर्गिक रूपात ते कुणी हातात घेतलेलं नव्हतं, म्हणून त्याला रीतसर नावही नव्हतं. खनिजाला नाव मिळायला नैसर्गिक नमुना लागतो. तो २०१४ मध्ये मिळाला, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये १८७९ साली पडलेल्या टेनहॅम अशनीत. उच्च दाबाच्या प्रयोगांसाठी १९४६ चं नोबेल मिळालेल्या पर्सी ब्रिजमन यांचं नाव त्याला दिलं गेलं. रिंगवूडाइट पहिल्यांदा सापडलं तेही याच टेनहॅममध्ये, १९६९ साली.

आधी अशनींत सापडलेल्या ब्रिजमनाइटची घडण पृथ्वीच्या पोटात अपेक्षित असलेल्या घडणीशी नीट जुळत नव्हती. काटोलचं जुळलं. त्यात लोह आहे, ॲल्युमिनियम आहे, आणि गेली तीस वर्षं प्रयोगशाळांत दाबयंत्रांनी जे ब्रिजमनाइट तयार होत आलं त्याच्या ते अगदी जवळचं आहे. त्यातल्या लोहापैकी सुमारे ६९ टक्के त्रिसंयुजी (तीन इलेक्ट्रॉन गमावलेलं) आहे, तर शेजारच्या मेजराइटमध्ये सुमारे ३७ टक्के. प्रयोगांनी हेच सुचवलं होतं: ब्रिजमनाइट धातूच्या शेजारी राहूनही त्रिसंयुजी लोह जास्त घेतं. ते आता नैसर्गिक दगडात दिसलं. शिवाय हे ब्रिजमनाइट घन तुकड्याचं रूप पालटून आलेलं नाही, वितळलेल्या कॉन्ड्राइटी द्रवातून थेट स्फटिक झालेलं आहे. पृथ्वी घडत असताना तिच्यावर वितळलेल्या खडकाचा समुद्र होता, तो गोठताना जे झालं असेल, त्याची ही बारीकशी प्रतिकृती आहे.

ब्रिजमनाइट फार नाजूक. इलेक्ट्रॉनांचा झोत जास्त वेळ पडला तर त्याची डोळ्यांदेखत काच होते. विवर्तनातले ठिपके मंद होत जातात आणि त्यांच्या जागी एक धूसर कडं उरतं. त्यामुळे झोत कमी ठेवून, चटकन, पहिल्याच प्रयत्नात माहिती घ्यावी लागते.

शिरेतून २५ गिगापास्कल निघतो आणि एस६ म्हणजे ७५ हून जास्त, हे कसं?

हाच तो वाद. श्रेणीचे जुने आकडे मुख्यतः प्रयोगशाळेतल्या आघातप्रयोगांवरून आले. त्या प्रयोगांत दाब मायक्रोसेकंदभर टिकतो. एवढ्या थोड्या वेळात रूप पालटायला खनिजाला दाबाची जास्त ढकल लागते. लघुग्रहांच्या टकरीत दाब त्याच्या कितीतरी पट जास्त वेळ टिकतो, म्हणून कमी दाबातही तेच बदल होतात. शिरांतली खनिजं बहुतेक ठिकाणी १५ ते २५ च्या आसपासचे आकडे देतात. दुसरी बाजू म्हणते की शीर गोठेपर्यंत दाब उतरू लागलेला असतो, त्यामुळे ती शिखराचा दाब सांगतच नाही. मला पहिली बाजू जास्त पटते, कारण अनेक शिरांत कडेपासून मध्यापर्यंत खनिजांचा संच बदलत नाही. तरी श्रेणी उपयोगी आहे. ‘एस५’ हे वर्णन म्हणून वापरा, त्यावरून थेट दाबाचा आकडा लिहू नका.

आघात कधी झाला हे सूक्ष्मदर्शक सांगतो का?

नाही. त्यासाठी आर्गॉनच्या समस्थानिकांचं मापन लागतं. अनेक एल कॉन्ड्राइट सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या एका मोठ्या फुटीकडे बोट दाखवतात. त्याच काळातल्या स्वीडनमधल्या चुनखडकात जीवाश्म झालेल्या अशनी सापडल्या आहेत. कुठला भाग मोजायचा, शीर की बाहेरचा दगड, हे मात्र एसईएमचं चित्र बघूनच ठरवावं लागतं.

लोखंडी अशनींतही अशा खुणा असतात का?

असतात. कामासाइट या मिश्रधातूत आघाताने बारीक समांतर पट्टे पडतात, त्यांना नॉयमन पट्टे म्हणतात. १८४७ मध्ये बोहेमियात पडलेल्या ब्राउनाउ अशनीवर योहान नॉयमन यांनी ते १८४८ मध्ये वर्णिले. ॲसिडने पृष्ठभाग कोरला की साध्या भिंगानेही दिसतात.

आणि लोणार?

लोणारला उलट बाजू बघायला मिळते: जिथे आदळलं ती जमीन. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर दख्खनच्या बेसॉल्टमध्ये आहे. तिथल्या आघाताने बदललेल्या बेसॉल्टमध्ये मास्केलिनाइट सापडल्याचं १९७३ मध्ये प्रसिद्ध झालं आणि विवर आघाताचंच आहे हे पक्कं झालं. मंगळाचा पृष्ठभागही बराचसा बेसॉल्टचा असल्यामुळे शेरघाटीच्या दगडाशेजारी लोणारचा काप ठेवून बघण्यात अर्थ आहे. मी दोन्हींची चित्रं एकाच पडद्यावर लावून मुलांना दाखवते. प्लॅजिओक्लेजच्या लांबट पट्ट्या, तोच गुळगुळीत गडद भाग, शेजारी तसंच चिरलेलं पायरॉक्सिन. लोणारचे दगड उचलून आणू नका. ते जागेवर असण्यातच त्यांची निम्मी माहिती आहे.

या क्षेत्रात यायचं तर काय शिकावं?

भूविज्ञान, भौतिकी किंवा पदार्थविज्ञान, तिन्ही वाटा चालतात. भूविज्ञानाच्या मुलांना विवर्तन कच्चं असतं, भौतिकीच्या मुलांना खनिजं ओळखता येत नाहीत. जे कच्चं असेल ते आधी पक्कं करा. भारतात अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, आयआयटी खरगपूर आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षण इथे अशनींवर काम चालतं. पदवीला असतानाच कुठूनही मिळेल त्या बेसॉल्टचा एक काप स्वतःच्या हाताने करून बघा.

शेतात संशयास्पद दगड सापडला तर?

बाहेरून काळी पातळ साल, आत फिकट राखाडी, हाताला अपेक्षेपेक्षा जड, आणि तुटलेल्या कडेवर धातूचे चमकते कण, असं असेल तर लक्ष द्या. आमच्याकडे येणारे बहुतेक दगड बेसॉल्ट, लोहखनिज किंवा भट्टीची मळी निघतात, पण म्हणून आणायला संकोच करू नका.

दगड धुऊ नका. लोहचुंबक लावू नका, दगडात जपलेली जुनी चुंबकीय नोंद त्याने पुसली जाते. फोडून वाटणी करू नका. स्वच्छ ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा, आणि कुठे, कधी, कसा सापडला ते त्याच दिवशी कागदावर लिहा. जागेचा फोटो दगड उचलण्याआधी काढा. मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जवळच्या कार्यालयाला कळवा. देशात पडलेल्या अशनी तिथेच जपल्या जातात. पावसाळ्याच्या आधी पडलेला दगड असेल तर पहिल्या पावसाच्या आत उचलला जावा. काटोलला दगड पडले ते मे महिन्यात, रान कोरडं असताना. तेच दोन-तीन आठवडे उशिरा, पावसात पडले असते तर शिरेतल्या त्या पांढऱ्या थेंबांभोवती आज गंजाची तपकिरी कडी दिसली असती.